हाय रेटचा बीम

शिरा संपला, चहाचे कप आत गेले आणि साताऱ्याच्या आप्पासो निकमांनी होणाऱ्या जावयाला मुख्य प्रश्न विचारला.

"तर नाथाजीराव, तुमी मुंबईत नेमकं करता काय?"

नाथाजीला याच प्रश्नाची धास्ती होती. कुंडलच्या उसाच्या फडातून निघून तो पदार्थविज्ञानाचा डॉक्टर झाला होता, मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत चांगल्या हुद्द्यावर होता. पण आपलं काम कुणाला सांगायची वेळ आली की त्याची जीभ जड व्हायची. एकदा गावच्या पारावर त्याने अणूच्या पोटात काय काय असतं ते समजावून सांगायला घेतलं होतं. ऐकणारे एकेक करून म्हशींच्या धारा काढायला निघून गेले. तेव्हापासून तो थोडक्यात आटपत असे.

"चेंबर बनवतो," तो म्हणाला.

आप्पासोंचा चेहरा जरा पडला. ते बांधकामाचे ठेकेदार. चेंबर म्हणजे गटाराचं, एवढंच त्यांना ठाऊक. इतका शिकलेला मुलगा, आणि चेंबर?

"सरकारी काम असंल?"

"सरकारीच. आता पुढच्या महिन्यात युरोपला चाललोय, जिनिव्हाला. तिथं आमचं चेंबर बीममध्ये टेस्ट करायचंय."

"बीम!" आप्पासो खुर्चीच्या टोकावर आले. "म्हंजी तुमी बीमचं टेस्टिंग करता? परदेशात जाऊन?"

"बीममध्ये टेस्टिंग. इथं आपल्याकडं तसला हाय रेटचा बीम नाही ना."

"रेट तर हितंबी लय चढल्यात. चौऱ्याहत्तर साल उजाडलं अन् शिमिट मिळंना, सळई मिळंना."

शेजारी बसलेल्या हरिबांनी, म्हणजे नाथाजीच्या वडिलांनी, समाधानाने मिशीवरून हात फिरवला. पोराची नोकरी इतक्या झटक्यात कुणाला समजल्याचं ते पहिल्यांदाच बघत होते.

"तुमचा जरा वेगळा समज होतोय," नाथाजी घाईने म्हणाला. "माझं चेंबर म्हणजे एक चौकट असते. त्यात गॅस असतो..."

"चेंबर म्हटलं की गॅस आलाच. त्याला पाइप काढून वर सोडायचा."

"...आणि तारा ताणून बसवलेल्या असतात. अगदी बारीक."

"किती एमएमच्या?"

"एमएम कसलं? माणसाच्या केसापेक्षा बारीक."

आप्पासो उठून उभेच राहिले. "केसापेक्षा बारीक! अन् त्येवढ्यावर बीम सोसतो?"

"सोसायला पाहिजे. सेकंदाला लाखो कण पडणार त्याच्यावर."

"कण म्हंजी खडी?"

"खडीपेक्षा पुष्कळ बारीक."

"मग वाळू," आप्पासोंनी स्वतःच ठरवून टाकलं आणि ते हरिबांकडे वळले. "पावनं, तुमच्या पोराचं पाय कवा लागलं बघा माझ्या घराला! त्या सुभेदाराचं तोंड आता बंद हुतंय."

एवढ्यात दाराशी उभी असलेली नवरी मुलगी विजयमाला पहिल्यांदाच बोलली. ती बी.एस्सी. झाली होती आणि तिथल्याच एका हायस्कुलात शिकवत होती. नाथाजीकडे क्षणभर बघून ती म्हणाली, "आबा, यांना आपल्या हॉलचा बीम दाखवा की."

"माझ्या मनातलं बोललीस बग! चला, जीप काढतो."

प्रकरण असं होतं की साताऱ्यातल्या माजी सैनिकांनी वर्गणी काढून एक सभागृह बांधायला घेतलं होतं आणि त्याचा ठेका आप्पासोंकडे होता. येत्या रविवारी उद्घाटन. खाली सभा आणि वर गच्चीवर जेवणाच्या पंगती. पण सैनिकांचे अध्यक्ष सुभेदार लालासाहेब यांनी ऐन वेळी पाय रोवले. मधल्या बीमला भेग दिसतेय, ठेकेदाराने सळई बारीक घातलीय, असा त्यांचा दावा होता. ज्याने सांगायचं तो इंजिनिअर कावीळ होऊन घरी पडला होता.

जीपमध्ये नाथाजीने तीनदा तरी सांगितलं की मी इंजिनिअर नाही. पहिल्यांदा आप्पासोंनी हॉर्न वाजवला. दुसऱ्यांदा ते म्हणाले, "मोठी माणसं असंच म्हणत्यात." तिसऱ्यांदा हरिबाच वैतागले. "नाथा, मानसानं किती मोडता घालावा? एवढं इचारत्यात तर बघ की बीम. बघाय काय जातंय?"

सभागृहाच्या दारात सुभेदार लालासाहेब छडी काखेत मारून उभेच होते. नोकरी सुटून पुष्कळ वर्षं झाली होती, पण कण्यातली फौज सुटली नव्हती.

"सुभेदारसाहेब," आप्पासो लांबूनच ओरडले, "डॉक्टरला आनलाय! बीमचा डॉक्टर! फारीनला चाललाय टेस्टिंगला!"

सुभेदारांनी नाथाजीला खाडकन सॅल्यूट ठोकला. नाथाजीला काय करावं सुचेना. त्याने नमस्कार केला.

"डॉक्टरसाब, सीधी बात. बीम पास का फेल?"

नाथाजीने वर बघितलं. बीमच्या मध्यावर खालच्या बाजूला एक नागमोडी भेग होती. नुसता चुना फुटलाय की आतून काही बिघडलंय, ते त्याला कळत नव्हतं. पण 'पास' म्हणून टाकणं किती सोपं आहे ते कळत होतं. आप्पासो खूश होतील, वडील खूश होतील, विजयमालाही होईल, कारण तिनेच तर त्याला इकडे पाठवलं. तो घाम पुसत म्हणाला, "मला बांधकामातलं खरंच काही कळत नाही."

"बघा," आप्पासो सुभेदारांना म्हणाले, "केवढा माणूस अन् किती नम्र!"

"मेरेकू ऐसाच आदमी मंगता," सुभेदार म्हणाले. "ज्याला सगळं कळतं त्यानंच हा बीम घातलाय."

"पण टेस्ट म्हणजे काय, ते मला माहीत आहे," नाथाजी म्हणाला, आणि बोलायला लागल्यावर त्याची जीभ चक्क मोकळी झाली. "मुंबईत आमच्या चेंबरमधून आकाशातून येणारे कण जातात. एक आता, एक मग. चेंबर प्रत्येकाची बरोबर नोंद करतं. पण त्यावरून ते चांगलं आहे असं म्हणता येत नाही. खरी परीक्षा सगळे एकदम आले की होते. ती गर्दी बघायलाच मी परदेशी चाललोय. रविवारी वर पंगतीला किती लोक बसतील?"

"पाय ठेवाय जागा ऱ्हानार न्हाई," सुभेदार म्हणाले.

"मग तेवढं ओझं, किंबहुना थोडं जास्तच, आज वर ठेवून बघू. त्याच्याआधी मी काहीच बोलणार नाही."

"ठेवा की!" आप्पासो छाती काढून म्हणाले. "केसावर बीम उभा ऱ्हातो, तर माझी सळई काय त्याच्यापरास बारीक हाय?"

ओझं कशाचं ठेवायचं हा प्रश्न सुभेदारांनी एका शब्दात सोडवला. "सँडबॅग!"

आवारात बांधकामाची वाळू होती, सिमेंटची रिकामी पोती होती, आणि उद्घाटनाच्या तयारीला जमलेले माजी सैनिक होते. सुभेदारांनी हुकूम सोडताच ते सगळे पंचवीस वर्षांनी तरुण झाले. कुणी पोती भरू लागला, कुणी शिवू लागला, कुणी खांद्यावर टाकून जिना चढू लागला. कुणाचा गुडघा दुखत होता, कुणाची कंबर धरली होती. त्या तक्रारी सगळ्या वाळूत गेल्या. हरिबा स्वतः मराठा पलटणीतले. त्यांनी नवा फेटा काढून हरभऱ्याच्या पेंढीसारखा एका कोपऱ्यात ठेवला, आणि व्याही म्हणून आलेला माणूस पोती वाहू लागला.

"पावनं, तुमी ऱ्हावद्या," आप्पासो म्हणाले.

"गप बसा वो. लय दिसानी अंगात आलंय."

नाथाजीने खाली दोन कामं केली. बीमखाली एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत दोरी ताणून बांधली, म्हणजे बीम वाकला तर दिसेल. आणि आप्पासोंच्या गड्यांकडून सेंट्रिंगचे लाकडी टेकू ओळीने उभे करून घेतले, पण बीमला न टेकवता, बोटभर जागा सोडून.

"टेकू कशाला?" आप्पासोंना ते आवडलं नाही. "अविश्वास दाखवल्यागत वाटतंय."

"आमच्याकडं पण असंच करतात. चेंबर जळलं तरी माणसं वाचली पाहिजेत."

पोती चढत गेली. निम्मी झाली तरी दोरी आणि बीम यांच्यातलं अंतर जैसे थे होतं. आप्पासो खाली सिगारेट ओढत फिरत होते. पाऊण झाली तेव्हा नाथाजीने दोरीला डोळा लावला आणि तो म्हणाला, "जरा खाली आलाय."

"तुमची दोरी वर गेली असंल."

वर सुभेदार स्वतः उभे राहून पोत्यांची रांग लावून घेत होते, अगदी खंदकापुढे लावतात तशी, सांधे चुकवून. शेवटची पोती पडत असताना बीमच्या पोटातून 'कट्' असा आवाज आला. मग चुन्याचा एक मोठा पापुद्रा सुटून आप्पासोंच्या टोपीवर पडला. आणि मग सबंध बीम, म्हातारा माणूस खुर्चीत टेकतो तसा, हळूच त्या टेकूंवर टेकला.

"कुनी हलायचं न्हाई!" वरून सुभेदारांचा आवाज आला. "दौड नै! एक एक करके नीचे! जिसका वजन जादा, वो पहले!"

यावर गच्चीत वाद सुरू झाला, कारण आपलं वजन जास्त आहे हे कुणीच कबूल करेना. शेवटी हरिबाच पुढे झाले आणि पोट सांभाळत जिना उतरले. त्यांच्यामागून एकेक करत सगळे आले, आणि सर्वांत शेवटी, रिवाजाप्रमाणे, सुभेदार. टेकूंनी सगळ्यांना सांभाळलं. कुणाला ओरखडासुद्धा आला नाही.

सुभेदार नाथाजीपुढे येऊन उभे राहिले. "डॉक्टरसाब?"

नाथाजीने आप्पासोंकडे बघितलं. टोपी पांढरी, भुवया पांढऱ्या, तोंड लालबुंद. पण तो म्हणाला, "फेल."

"अवो पावनं!" आप्पासोंचा बांध फुटला. "तुमी केसावर बीम उभा करता अन् माझ्या सळईला फेल म्हनता?"

"आप्पासाहेब, माझा बीम सिमेंटचा नसतो. बॅटरीचा झोत पडतो ना, तसा तो कणांचा झोत असतो. दिसत नाही. आणि माझं चेंबर गटाराचं नाही, ते कण मोजायचं यंत्र आहे. मी मघापासून तेच सांगतोय."

मागून हरिबांचा दुखावलेला आवाज आला.

"म्हंजी तू गटाराचं काम करत न्हाईस?"

"नाही, दादा."

"अरं, मी सगळ्या कुंडलला सांगून बसलोय, मुंबईची गटारं माझ्या पोराच्या हाताखाली हायेत म्हणून! आता गावाला काय सांगू?"

गावाला काय सांगायचं ते आप्पासोंनीच ठरवून दिलं. "सोयरीक मोडली म्हणून सांगा," ते म्हणाले आणि जीपमध्ये जाऊन बसले. पाव्हण्यांना परत न्यायचं आहे हे लक्षात आल्यावर पुन्हा उतरले आणि पायीच घरी गेले.

जीप तशीच उभी राहिली. थोड्या वेळाने विजयमाला घरून चालत आली. हातात पाण्याची कळशी होती. दमलेल्या म्हाताऱ्यांना ती पाणी देऊ लागली. नाथाजीपर्यंत आली तेव्हा तो म्हणाला, "माझ्यामुळं तुमच्या वडिलांची फजिती झाली. मी आधीच नीट सांगायला हवं होतं."

"तुम्ही नीटच सांगत होता," ती तांब्या पुढे करत म्हणाली. "मला पहिल्यापासून कळलं होतं. कणांचा झोत सोडणारा सायक्लोट्रॉन आम्हाला अभ्यासाला होता बी.एस्सी.ला."

"मग तुम्ही बोलला का नाही?"

"बोलले असते तर तुम्ही चहा पिऊन कुंडलची एसटी धरली असती, आणि रविवारी सगळे लोक जेवायला वर बसले असते. त्या भेगेबद्दल मी आबांना दोनदा सांगितलं. पण घरच्या मुलीचं कोण ऐकतंय? परदेशी जाणाऱ्याचं ऐकतात."

नाथाजीने तांब्या तोंडाला लावून रिकामा केला. आतापर्यंत बऱ्याच मुली बघून झाल्या होत्या, पण ही आपल्याला मिळावी असं त्याला पहिल्यांदाच वाटलं. आणि सोयरीक तर नुकतीच मोडली होती.

पुढच्या महिन्यात तो जिनिव्हाला गेला. तिथल्या प्रयोगशाळेत जगभरचे लोक आपापली चेंबरं घेऊन येत आणि ठरलेल्या पाळीला झोतासमोर उभी करत. नाथाजीच्या गटाची पाळी आली तेव्हा झोत आधी बारीक सोडला. चेंबरने जवळजवळ प्रत्येक कण टिपला. सगळ्यांनी नाथाजीची पाठ थोपटली. मग झोत थोडा उघडला. आणखी थोडा. कणांची गर्दी वाढत गेली तसा चेंबरने दाखवलेला आकडा वाढायचा सोडून कमी व्हायला लागला. गर्दीत चेंबर भांबावून गेलं होतं. झोत पूर्ण उघडल्यावर आत निळी ठिणगी उडाली, एक तार तुटली, शेजारच्या तारांवर पडली आणि सगळंच गप्प झालं.

पलीकडच्या टेबलावरच्या जर्मन शास्त्रज्ञाने विचारलं, काय झालं?

नाथाजी म्हणाला, फेल.

कुणी चिडेल, कुणी पाय आपटत पायी घरी जाईल, असं त्याला वाटलं होतं. पण जर्मनाने त्याच्यासाठी कॉफी ओतली आणि कितव्या पायरीला आकडा घसरायला लागला तेवढं विचारलं. मग दोघं मिळून तारा कशा ताणायच्या, गॅस कोणता बदलायचा, यावर संध्याकाळपर्यंत बोलत बसले. आप्पासोंना असा एखादा माणूस त्या दिवशी भेटायला हवा होता, असं नाथाजीला राहून राहून वाटलं. त्याने घरी खुशालीच्या पत्रात लिहून टाकलं, 'चेंबर बीममध्ये सगळ्यांसमोर फेल गेलं, ठिणगी उडाली. दुसरं करतोय. काळजी नसावी.'

हरिबांनी ही गोष्ट मनातच ठेवायची ठरवली. फक्त बायकोला, बनुबाईला सांगितली. बनुबाईने फक्त जावेला सांगितली. आठवडाभरात ती गोष्ट साताऱ्याला पोचली, आणि एका सकाळी आप्पासोंची जीप कुंडलला दारात येऊन थांबली.

हरिबांनी ओळखलं, माणूस उट्टं काढायला आलाय. त्यांनी घोंगडं टाकलं आणि तयारीत बसले.

"कानावर आलंय ते खरं हाय?" आप्पासोंनी विचारलं. "पोराचं चेंबर फेल गेलं?"

"व्हय. गेलं."

"बीममधीच?"

"बीममधीच."

"चारचौघांम्होरं?"

"फारीनच्या लोकांम्होरं," हरिबा मान खाली घालून म्हणाले. "ठिनग्या उडाल्या म्हनं."

आप्पासोंनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मी रोज उठून त्या बीमकडं बघत हुतो," ते हळू आवाजात म्हणाले. "जेवान गोड लागंना. मग पाडला. माझ्या हातानं पाडला. पयल्यापास्नं दुसरा घातला, जाड सळईचा. त्या सुभेदारानं वर पलटन नाचवली, तरी हलला न्हाई." ते थांबले. "तुमच्या पोरानं काय केलं मग?"

"त्योबी दुसरं करतोय."

आप्पासोंचा चेहरा हळूहळू उजळत गेला. "बगा म्हंजी! त्याचंबी फेल, माझंबी फेल. त्यानंबी दुसरं घेतलं, मीबी दुसरं घेतलं. मला वाटलं हुतं लय वरचढ जावय हाय, जलमभर खाली मान घालाय लागंल. आता कसं, बरोबरीचं नातं झालं. विजयमालाबी दुसरं स्थळ बघू दीना. पावनं, मुलगी दिली!"

आत बनुबाईने देवापुढे साखर ठेवली. हरिबांना मात्र पोरगा नापास झाल्याचं तोंड गोड कसं करायचं ते समजेना. ते नुसतेच हसत बसले.

"पर एक करा," जीपमध्ये चढता चढता आप्पासो म्हणाले. "लगीन हुईस्तवर दुसरं चेंबर तेवढं पास हुऊ देऊ नगा."

लग्न सांगलीत, कृष्णेकाठच्या एका कार्यालयात झालं. नाथाजी परत येऊन जेमतेम आठवडा झाला होता. अक्षता पडल्या, पंगती बसल्या, आणि आप्पासो हातात जिलेबीची परात घेऊन कुंडलच्या पाव्हण्यांना आग्रह करत फिरू लागले. प्रत्येक पानापाशी थांबून ते सांगत होते, "आमचं जावय म्हंजी साधासुधा माणूस न्हवं. फारीनला जाऊन फेल झालाय!"

बोहल्यावर अजून मुंडावळ्या न सोडलेल्या विजयमालाने हलकेच विचारलं, "दुसऱ्याचं काय झालं?"

नाथाजीने इकडेतिकडे बघितलं. "झोत पूर्ण उघडला. तास न् तास ठेवला. एक तार तुटली नाही. पास."

तिचे डोळे चमकले. मग तिने पंगतीकडे बघितलं. आप्पासो सुभेदारांच्या पानात बळेच चौथी जिलेबी वाढत होते.

"इतक्यात बोलू नका," ती म्हणाली. "आबा अजून जेवायचेत."